चुकेल त्याने वायर धरायची

जुनी मोटार बाळगली की किस्से जमवावे लागत नाहीत, बॉनेट उघडलं की ते आपोआप बाहेर येतात! आमचे सगळे पोलादपूरच्या नाक्यावर, गुलाबमिस्त्रीच्या गॅरेजपुढे घडले. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि महाडच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली काळी विलायती मोटार ढकलायचो. गाडी विकताना डॉक्टर फार प्रसन्न दिसत होते, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गाडी बंद पडली की नाक्यावरचा प्रत्येक जण निदान सांगायचा. कंटाळून मिस्त्रीने कायदाच केला. "बोला काय बोलायचं हाय ते. पण ज्याचं चुकंल, त्यानं वायर धरायची!"

वायर म्हणजे प्लगची. ती काढून हातात धरायची आणि मिस्त्री सेल्फ मारणार. करंट येत असला की धरणारा उडायचा. मग मिस्त्री समाधानाने म्हणायचा, "करंट हाय!"

पहिला मान माझा. भर नाक्यावर मी बॅटरीवर व्याख्यान दिलं. बॅटरी ठणठणीत निघाली. मी असा उडालो की समोर जमलेले माझेच विद्यार्थी टाळ्या पिटायला लागले.

"सर, परत एकदा!"

*

एकदा तालुक्याच्या कचेरीतले एक साहेब थांबले. बॉनेटमध्ये न डोकावताच म्हणाले, "पेट्रोलमध्ये पाणी आहे."

पाणीबिणी काही नव्हतं, करंट जोडणाऱ्या पॉइंटांवर काजळी धरली होती. मिस्त्रीने ते घासले आणि अदबीने वायर पुढे केली. साहेब हुशार. त्यांनी वायरीभोवती रुमाल गुंडाळला. पण दिवस पावसाचे, रुमाल ओलाच!

दुसऱ्या दिवशी त्यांचा शिपाई धावत गॅरेजवर आला. "मिस्त्री, साहेब आज दहाच्या ठोक्याला खुर्चीत! काय केलंत वो त्यांना?"

*

शिमग्याला गावी आलेल्या एका मुंबईच्या टॅक्सीवाल्याने तर दिवसच खाल्ला. "कंडेन्सर गया, सर. अपने बंबई में रोज का है." कंडेन्सर बदलला. मग पॉइंट, मग प्लग. इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी वायर धरायला सगळे हौसेने पुढे येत होते, कारण कोणालाच काही लागत नव्हतं!

संध्याकाळी बायको बाजारातून आली आणि रस्त्यात पसरलेले पार्ट बघत उभी राहिली.

"अहो, पण चावी तर माझ्या पिशवीत आहे."

त्या गाडीला सेल्फचं बटण वेगळं होतं. चावी नसली तरी इंजिन फिरायचं, करंट मात्र यायचा नाही. शेजारच्या ओटीवर डी.एड.चा अभ्यास करत बसलेली सुनंदा इतकी हसली की तिच्या हातातलं पुस्तक पडलं. सुनंदा म्हणजे पंचायत समितीतल्या कांबळेभाऊंची मुलगी. गॅरेजला लागूनच त्यांचं घर, त्यामुळे आमची सगळी निदानं तिला फुकटात ऐकायला मिळायची.

*

पुढे तिला आंबेनळी घाटातल्या एका गावी शिक्षिकेची नोकरी लागली. हुकूम टपालात रखडला आणि शेवटच्या दिवशी दुपारी हातात पडला. शाळा सुटायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला! एसटी निघून गेलेली. कांबळेभाऊ धापा टाकत माझ्याकडे आले. "सर, गाडी काढता? घरातली पहिली पोर हाय वो नोकरीला लागणारी."

मिस्त्रीला बरोबर घेऊन निघालो. घाटात दाट धुकं आणि बारीक पाऊस. अर्ध्यावर गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. "कॉईल गेली!"

दुसरी कॉईल जवळ नव्हती. कांबळेभाऊ मटकन कठड्यावर बसले. मला जरा वेगळं वाटत होतं, पण वायर आठवली आणि मी तोंड मिटून घेतलं.

सुनंदा खाली उतरली. "मिस्त्रीकाका, कॉईल नाय. प्लगांना करंट वाटतो त्या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात ओल शिरलीय. मागच्या श्रावणात सरांची गाडी अशीच अडली होती, आणि ऊन पडल्यावर आपोआप चालू झाली. चुकलं तर वायर मी धरते!"

झाकण काढलं तर आत खरंच थेंब जमलेले. आमचे रुमाल, धोतर, फडकी सगळं ओलं. तिने हजर व्हायला नेसलेल्या नव्या पांढऱ्या साडीचा कोरडा पदर घेतला आणि झाकण आतून स्वच्छ पुसलं. गाडी पहिल्या सेल्फला लागली!

शाळेत पोचलो तेव्हा शिपाई घंटेकडे निघालाच होता. हेडमास्तरांनी पदरावरचा काळा डाग बघितला, काही न विचारता सही घेतली. ती बाहेर येऊन म्हणाली, "झाले हजर." आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कांबळेभाऊ चष्मा काढून रडले. मीही रडलो, लपवत कशाला बसू?

सुनंदा मात्र सरळ गाडीकडे गेली. बॉनेट उघडलं, प्लगची वायर काढली.

"मिस्त्रीकाका, कॉईल म्हणालात ना?"

सगळ्या तालुक्याला वायर धरायला लावणाऱ्या गुलाबमिस्त्रीने स्वतः ती कधीच धरली नव्हती. डोळे पुसून तो हसला आणि त्याने बाही वर केली. मी सेल्फ मारला.

मिस्त्री पार शाळेच्या पायरीपर्यंत उडाला.

"करंट हाय!" सुनंदाबाई म्हणाल्या.