आठवीचं दुसरं वर्ष

शेंगांच्या गोदामात लेवॉन गॅड्सन पोती उचलायचं यंत्र चालवतो. दक्षिण जॉर्जियातल्या त्या गावात हंगामात तांबडा धुरळा सगळ्यांच्याच अंगावर बसतो, पण लेवॉनच्या अंगावर बसायला जागाच फार आहे. नवा माणूस कामावर आला की त्या खांद्यांकडे बघत राहतो आणि विचारतो, फुटबॉल खेळायचास का? लेवॉन तोंड उघडण्याआधी शेजारचा कुणीतरी सांगून टाकतो, याला पाच तारे होते.

पाच तारे म्हणजे काय हे तिथं शेंबड्या पोरालाही समजवावं लागत नाही. तिकडचा फुटबॉल पायानं कमी, अंगानं रेटून जास्त खेळतात, आणि त्यातले शाळकरी खेळाडू जोखणारी माणसं असतात. ती शुक्रवारी संध्याकाळी गावोगावचे सामने बघतात, पोरांची उंची, हाताची लांबी, धाव मोजतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे तारे मांडतात. कॉलेजांचे प्रशिक्षक ते तारे बघून दारात येतात. तीन तारे मिळाले तर आई चर्चमध्ये उभी राहून देवाचे आभार मानते. पाच तारे अख्ख्या देशात मूठभर पोरांना. त्या जिल्ह्यात ते एकट्या लेवॉनला मिळाले.

एझेल न्हाव्याच्या दुकानात शनिवारी हा विषय निघाला नाही असं होत नाही. कुठल्या तरी दोन ताऱ्यांच्या पोरानं टीव्हीवर पराक्रम केलेला असतो, मग एझेल वस्तरा हवेत धरून म्हणतो की हे तारेबिरे सगळ्या थापा, यापेक्षा माझी बायको गुडघ्याच्या दुखण्यावरून पाऊस बरा सांगते. आणि पुरावा खुर्चीतच बसलेला असतो. "ह्याला बघा की. पाच तारे, आणि आता शेंगा." हे कुणी वाईट भावनेनं म्हणत नाही. सगळे हसतात, लेवॉनही हसतो.

पण त्याला ते पटत नाही. त्याच्या वर्षी ज्यांना पाच तारे मिळाले, त्यांतले बरेच जण पुढे गेले. काही अजून खेळतात. जोखणाऱ्या माणसाची नजर अधू नव्हती. त्यानं समोर दिसलं ते मोजलं. जे दिसत होतं तेच खरं नव्हतं.

लेवॉन आठवी पास झाला तेव्हा त्याचे वडील, ऑल्टन गॅड्सन, शेंगा फोडण्याच्या गिरणीत कामाला होते. त्या भागात एक रीत आहे. पोरगा अंगानं भरायला लागला आणि चेंडूच्या मागे वेडा असला, की बाप त्याला मुद्दाम आठवीत पुन्हा बसवतात. एक वर्ष मागं राहिला की वरच्या शाळेत तो बरोबरीच्यांपेक्षा वर्षानं मोठा. पैसेवाले हे करायचेच. ऑल्टननी ठरवलं, आपणही करायचं. त्यांनी दुसरी पाळी धरली, पोराला एका चर्चच्या छोट्या शाळेत घातलं आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून त्याच्यासाठी वजनं बनवली. लेवॉनची आई तेव्हा वारलेली होती. अंडी उकडायची ती ऑल्टनच उकडायचे, कामावरून येऊन, उभ्या उभ्या झोपत.

लेवॉनचे मित्र वरच्या शाळेत गेले. तो मागच्या अंगणात वजनं उचलत राहिला.

पुढे त्या वर्षाचं फळ आलं. पुढच्या फळीत लेवॉन उभा राहिला की समोरची पोरं पोरंच दिसायची. त्याला मिशी फुटली होती, त्यांचा आवाजही फुटायचा होता. तो त्यांना दारासारखं ढकलून पलीकडे जायचा. तारे आले. कुठल्या कॉलेजकडून खेळणार त्या करारावर सही करायच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये टेबलावर कॉलेजांच्या टोप्या मांडल्या गेल्या, त्यानं एक उचलून डोक्यावर घातली आणि ऑल्टन गॅड्सन सगळ्या गावादेखत रडले.

कॉलेजात पहिल्याच सरावात तीन ताऱ्यांच्या एका लुकड्या पोरानं त्याला मागं रेटलं. लेवॉनला वाटलं, पाय घसरला. पुढच्या वर्षी ते पोर लुकडं राहिलं नव्हतं. सगळेच वाढत होते. लेवॉन होता तेवढाच राहिला. त्यानं अधिक वजनं उचलली, अधिक खाल्लं, एकदा खांदा उखडून घेतला. शेवटी प्रशिक्षकानं त्याला खोलीत बोलावलं. माणूस चांगला होता, त्यानं दार लावून घेतलं. म्हणाला, "तुझी काही चूक नाही, पोरा. बाकीचे इथं येऊन उमलले. तू उमलूनच आलास."

पदवी न घेता तो घरी आला. गाव म्हणालं, आळस नडला, पोरी नडल्या. त्यानं कुणाला खोडलं नाही. खरं कारण सांगितलं असतं तर डॅडींचं नाव घ्यावं लागलं असतं. ऑल्टनच्या आयुष्यात गर्वानं सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ते वर्ष. पोराकडून काही झालं नाही हे ते मान्य करायचे, पण मी माझं केलं, असं म्हणायचे.

गेल्या वसंतात एका रविवारी चर्चहून सगळे घरी जेवायला आले. लेवॉनची थोरली बहीण व्हर्नेल हिचा मुलगा आठवीत आहे, अंगानं मामावर गेलाय. पोर शेजारी खेळायला गेलं होतं. व्हर्नेलनं तळलेल्या कोंबडीचं ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, त्याला एक वर्ष मागं ठेवायचं म्हणते, तुम्हाला काय वाटतं?

ऑल्टनच्या अंगात बळ आल्यासारखं झालं. ठेव, पोरी, विचारू नकोस, ठेव. लेवॉनकडे बघ. उगाच नाही मिळाले पाच तारे.

लेवॉननं मक्याच्या पावाचा तुकडा खाली ठेवला. बहिणीकडे बघत म्हणाला, "ठेवू नकोस."

"का रे?"

"ते तारे माझे नव्हते, व्हर्नेल. त्या एका वर्षाचे होते. ते वर्ष संपलं तसे तेही संपले."

ऑल्टननी हातरुमालानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मग अगदी हळू म्हणाले, "मी दोन पाळ्या केल्या, लेवॉन."

"माहीत आहे, डॅडी."

"मग हे आज का सांगतोस?"

"तिनं आज विचारलं म्हणून."

म्हातारा उठला. गुडघे गिरणीनं खाल्लेले, त्यामुळे उठायला वेळ लागला आणि तेवढा वेळ दोघांना त्याच्याकडे बघत बसावं लागलं. तो मागच्या ओसरीवर गेला.

व्हर्नेल ताटातल्या भाजीशी चाळा करत राहिली. मग तिनं शांतपणे, जणू बाजारात भाव विचारावा तसं विचारलं, "पण कॉलेजनं तुझा सगळा खर्च केला ना?"

"केला."

"राहणं, खाणं, शिकणं?"

"हो."

"तू पुरं केलं नाहीस तो भाग वेगळा. माझ्या पोराला तेवढं मिळालं ना, तरी मी देवाचे पाय धरीन, लेवॉन. मला टीव्हीवर नकोय तो." तिनं ताटं गोळा केली. "मी ठेवणार त्याला मागं."

तिच्या म्हणण्यात खोट काढावी असं लेवॉनला काही सापडलं नाही. तेच जास्त लागलं. बापाजवळ होतं नव्हतं ते त्यानं काढून घेतलं होतं आणि त्यातून कुणाचंच काही वाचलं नव्हतं.

तो ओसरीवर गेला. ऑल्टन कठड्याला धरून अंगणाकडे बघत होते. लेवॉन शेजारी उभा राहिला. ऑल्टननी मान न वळवता विचारलं, "त्या वर्षी तू खेळायचास कुणाबरोबर? मी तर कामावर असायचो."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. लेवॉनला ते अंगण दिसलं, लांबत गेलेल्या दुपारी, कुंपणाबाहेरून वरच्या शाळेची बस जायची तो आवाज.

"होती की पोरं, डॅडी," तो म्हणाला. "पुष्कळ होती."

ऑल्टननी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे लेवॉनला दिसलं.