डिपर, क्लच आन सोपानमामा

ड्रायव्हरचं निम्मं आयुष्य गाडी चालवण्यात जातं आन निम्मं साहेबांची वाट बघण्यात. साहेब मीटिंगला आत गेले की आम्ही कचेरीतल्या लिंबाखाली. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी तंबाखू मळत ऐकायचं. असे एवढे किस्से साठलेत की बायको म्हणायची, घरात बोलायला तोंड ठेवलंय का तेपण लिंबाला टांगून आलात? आता त्या लिंबाखालची निम्मी माणसं राहिली न्हाईत. तवा ज्या किश्शाला हसून हसून पोट दुखायचं, तोच आज सांगवत न्हाई.

लातूर नवा जिल्हा झाला तवाची गोष्ट. भाऊ वेगळे निघाले की धाकट्याच्या वाटणीला म्हातारी म्हैस येते, तशा आमच्या कचेरीला जुन्या जीपा आल्या. त्यात पावसाचा पत्ता न्हाई. दुष्काळात तेरावा महिना! त्या जीपांमधी कोणतं बटण कुठं असंल, नेम नव्हता. जो तो आपल्या सोयीनं लावून गेलेला. लाईटचं बटण कुणी सीटखाली नेलेलं, चोक कुणी सुतळीनं ओढायचा. दुसऱ्याची जीप हातात आली की पहिला आठवडा नुसता चाचपडण्यात जायचा.

*

माझ्या जीपला कुणीतरी ट्रकचा भोंगा बसवलेला, आन त्याचं बटण डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, मधोमध. आमचे नवे साहेब ताडमाड उंच. रस्ता असा की खड्डा आला की साहेबांचा गुडघा बटणावर! औशाकडच्या एका गावात शिरलो ते भोंगा वाजवतच. साहेब गुडघा आवरून राहिले, मी हसू आवरून राहिलो.

वेशीत बघतो तर बाया घागरी, कळशा घेऊन पळत येऊन राहिल्या. मागनं पोरं डबे घेऊन. पाण्याचा टँकर गावात शिरताना असाच भोंगा मारायचा, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. एक म्हातारी जीपच्या मागं जाऊन नळी हुडकून आली. मग साहेबांना म्हणाली, "पानी न्हाई तर वाजवता कशाला, बाबा?"

परतीच्या वाटेवर साहेब गुडघे आखडून बसले. दुसऱ्या दिवशी बटण माझ्या दाराकडं सरकलं.

*

सोपानमामा आमच्यात वडीलधारे. बोलणं कमी, पण डोकं लई चालायचं. ते म्हणाले, पाऊस न्हाई तर वायपरचं बटण उगं कशाला बसून खातंय? आमच्या गाड्यांचं वायरिंग हुसेनभाई मेस्त्री करायचे. त्यांच्याकडून मामांनी वायपरची वायर काढून त्याच बटणावर साहेबांसाठी छोटा पंखा जोडून घेतला. सगळ्या कचेरीत कौतुक झालं.

एक दिवस निलंग्याच्या वाटेवर काचेवर टपटप थेंब पडले. मामांनी जुन्या सवयीनं बटण दाबलं, तर पंखा गरगर सुरू! समोरचं काही दिसंना. गाडी बाजूला घेतली. पण मामा सीटखालचं फडकं हुडकेपर्यंत थेंब थांबले, आन बघता बघता काच आपोआप वाळली. मामा फडकं हातात घेऊन तसेच उभे राहिले.

*

जुन्या जीपला डिपर पायात असायचा. क्लचच्या शेजारी, खाली पत्र्यावर एक बटण. डाव्या पायानं दाबलं की लाईट खाली-वर. मामांनी एक दिवस हुसेनभाईंना सांगितलं, हे वर घ्या, हाताशी.

आम्हाला तेवढंच पाहिजे होतं. मी म्हणालो, "मामा, उद्या ब्रेकपण खिशात घ्या!" मामा आमच्यापेक्षा जास्त हसले.

मग माझ्या ध्यानात आलं, मामा क्लच दाबायच्या आधी खाली वाकून बघतात. पाय पेडलवर हाय का न्हाई ते. एवढी वर्षं गाडी चालवलेला माणूस! माझ्या मनात पाल चुकचुकली, पण इचारायची हिंमत झाली न्हाई.

*

ते कळलं जळकोटच्या दौऱ्यावर. दोन जीपा होत्या, मामांची आन माझी. साहेब विहिरी बघायला शिवारात गेले. मामा उतरून माझ्याकडं चालत आले, तर मागं धुळीत रक्ताचे डाग. बघतो तर डाव्या चपलेतून खिळा आरपार पायात घुसलेला. त्याच पायानं ते उदगीरपासून क्लच दाबत आलेले.

मी ओरडलो, "मामा, खिळा!"

मामा इकडंतिकडं बघत म्हणाले, "कुणाला लागला?"

मी खाली बसून खिळा उपसला. त्यांना कळलंपण न्हाई. तवा त्यांनी सांगितलं. शुगर हाय, डावा पाय घोट्याखाली बधिर झालाय. नोकरीचं जे व्हायचं ते होऊ दे म्हणाले, पण सुजाताला कळू द्यायचं न्हाई.

सुजाता त्यांची एकुलती एक लेक. नांदेडजवळ विष्णुपुरीला होस्टेलात राहून इंजिनिअरिंग शिकत होती. आई गेली तवा पोरगी कॉलेज सोडून बापाला भाकरी करून घालायला घरी येऊन बसली होती. मामांनी हातापाया पडून तिला परत धाडली. आता शेवटचं वर्ष होतं. "पायाचं कळलं तर ती पेटी घेऊन परत येईल, आन पुन्हा जाणार न्हाई," मामा म्हणाले. मी त्यांचा पाय फडक्यानं बांधत होतो. मला रडू आवरंना.

*

जखम भरलीच न्हाई. डॉक्टर म्हणाले नांदेडला न्या, पाय काढावा लागंल. साहेबांनी जीप दिली. मी चालवत होतो, मामा डाव्या सीटवर.

विष्णुपुरी जवळ आली तशी मामांनी गाडी थांबवायला लावली. पोरीला उभ्या उभ्या बघायचं म्हणाले. पण बापाला शेजारच्या सीटवर बसलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर तिनं इचारलं असतं.

मग आम्ही जागा बदलल्या. मामा स्टिअरिंगवर, मी मधोमध त्यांना चिकटून, माझा पाय तिकडं नेऊन क्लचवर. बँडेजचा पाय सीटखाली सारला, वरून टॉवेल टाकला. मामा "दाब" म्हणायचे, मी दाबायचो. "सोड" म्हणायचे, मी सोडायचो. गाडी बेडकागत उड्या मारत होस्टेलच्या दारात गेली.

सुजाता पळत आली. "जय भीम, बाबा!" दाराला धरून उभी राहिली. मामा म्हणाले, नांदेडला साहेबांची मीटिंग हाय, उतरत न्हाई, उशीर झालाय. तिनं इचारलं, जेवलात का. उद्यापासून शेवटचे पेपर हायेत म्हणाली. बोलता बोलता तिची नजर खाली गेली. टॉवेलावर, माझ्या पायावर. जरा वेळ तिथंच राहिली. मग तिनं मामांच्या हातावर हात ठेवला.

मामा म्हणाले, "जा, अभ्यास कर."

"हाव बाबा, जाते."

मामांनी इंजिन सुरू केलं. ती पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आली, आत वाकली, आन मामांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी माझ्या कानाशी बोलली, "काका, दवाखान्यापर्यंत क्लच हळू सोडा."