उपासाच्या दिवशीची गोळी

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या औषधांची यादी मी करते. ते आणि आई शेंद्र्याला राहतात, मी चिकलठाण्यात. यादी त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेली असते: गोळी, वेळ, कशासाठी.

गेल्या वर्षी त्यांना अटॅक आला आणि स्टेंट बसला. दुसरा ब्लॉक होऊ नये म्हणून वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सत्तरच्या खाली आणायचं होतं. पण त्यासाठीच्या स्टॅटिन गोळीच्या मोठ्या डोसानं मांड्या एवढ्या दुखायला लागल्या की खाली बसलेल्या दादांना उठता येईना. डॉक्टरांनी डोस निम्मा केला आणि जोडीला एझेटिमाइब दिली, रोज एक. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल रक्तात शिरू देत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी यादीत लिहिलं, ‘जेवणातली चरबी अडवते.’

श्रावण संपल्यावर तपासणी केली. एलडीएल एकशे चार.

डॉक्टर म्हणाले, "आता दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन घ्यावं लागेल."

"सुई नाय," दादा म्हणाले. "पुन्हा अटॅक आला तरी चालंल."

मी औषधांची पिशवी टेबलावर ओतली. दोन्ही गोळ्या एकाच दिवशी आणलेल्या. स्टॅटिनची पाकिटं रिकामी, एझेटिमाइबची जवळपास भरलेली.

"दादा, ही घेतली नाही?"

"घेतो की. मटण असलं की घेतो. श्रावणात मटण नाय, एकादशीला नुसती भगर. मंग अडवायचं काय, माय? तूच लिहिलंस ना?"

लिहिलं होतं खरं.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बाबा, आतड्यात येणारं कोलेस्टेरॉल ताटातलं कमी आणि लिव्हरचं जास्त असतं. लिव्हर ते पित्तातून रोज आतड्यात सोडतं आणि त्यातलं बरंच परत रक्ताकडे जातं. गोळी ती वाट अडवते. मग लिव्हरला माल कमी पडतो आणि ते रक्तातलं ओढून घेतं. रक्तातलं घटतं ते असं. लिव्हर काही एकादशी धरत नाही."

"म्हणजे चोर घरातलाच," दादा म्हणाले.

"चोर नाही हो, त्याचं कामच ते. गोळी रोज घ्या, जेवणाआधी-नंतर कधीही. तीन महिन्यांनी बघू, इंजेक्शन तोवर थांबवतो."

त्यांच्या घरी जाऊन मी यादीतली ती ओळ खोडली. ‘रोज. उपास असला तरी,’ एवढंच लिहिलं. ‘कशासाठी’चा रकाना कोरा सोडला, तिथं मी पुन्हा काहीतरी अर्धवट लिहीन, याची खात्री होती. आईला रोज सकाळी चहाबरोबर दोन्ही गोळ्या हातावर ठेवायला सांगितलं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट फोनवर आला. डॉक्टरांना पाठवला, त्यांचं उत्तर वाचलं आणि मग शेंद्र्याला फोन लावला.

"किती?" दादांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"सदुसष्ट."

"पास का?"

"काठावर. दोन्ही गोळ्या चालूच ठेवायच्यात."

"ते ठेवीन गं. सुईचं बोल."

"नको म्हणालेत."

फोन तसाच चालू ठेवून ते आत ओरडले, "ऐकलं का, सुई टळली!"