लस वाढली

शिवांजली माझ्या चुलत बहिणीची पोरगी. उंब्रजची. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून आली आन् आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रांसाठी एक ॲप बनवलं. कुठं कुठली लस किती शिल्लक, ते आमा ॲम्ब्युलन्सवाल्यांना फोनवर दिसायचं. पोरगी लय हुशार, पर हट्टी. तिचा मला रागबी येतो आन् तिच्यासाठी जीवबी तुटतो.

तिची आई राहीबाई अशाच एका केंद्रात मदतनीस. रोज सकाळी शिल्लक मोबाईलवर भरायची ती. आता आमच्याकडं बांगडी फुटत न्हाई, वाढती. मंगळसूत्र तुटत न्हाई, वाढतं. डब्यातलं मीठ संपलं तरी बाया 'वाढलं' म्हणत्यात, कारण 'न्हाई' म्हटलं की वास्तू तथास्तु म्हणती. सापावरची लस संपली त्या दिवशी राहीबाईनं लिवलं, 'लस वाढली.'

प्रोग्रामला त्यात आकडा सापडंना. विचारलं की कायतरी आकडा द्यायचाच, असं शिवांजलीनं त्याला बांधलेलं. 'काहीच न्हाई' हे उत्तर तिनं ठेवलंच नव्हतं. आकडा मिळाला न्हाई तर कालचा दाखवायचा. कालचा होता चार.

"अगं, मग 'न्हाई' ठेवायला तुझं काय जात होतं?" मी नंतर वरडलो तिच्यावर.

"रिकामं दिसलं की लोक ॲप बिघडलं म्हणायचे, मामा."

आमच्या गावच्या आकारामला उसात नाग चावला. फोनवर चार बघून मी गाडी कराडच्या मोठ्या दवाखान्यात न नेता उलट्या दिशेला, राहीबाईच्या जवळच्या केंद्रावर घातली. फ्रिज रिकामा. राहीबाई म्हणाली, "आवं दादा, वाढली म्हणून लिवलंय की!" पाऊण तास वाया गेला. कराडच्या वाटंवरच आकाराम गेला. वेळेत आला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आता तिनं सगळं बदललंय. फोनवर उत्तर बंद पाकिटाच्या चित्रात येतं. आत आकडा, न्हाईतर लाल अक्षरात 'न्हाई'. पाकीट उघडून बघितल्याबिगार ॲप पुढं हलत न्हाई. तरीबी ती रोज एकेका केंद्राला फोन लावून विचारती, "हाय का न्हाई?" जेवता जेवता उठती. आकाराम फ्रिजपुढं उभा दिसतो म्हणती, चार बोटं वर केलेला. मला तरी कुठं सुख हाय? गाडीच्या आरशात बघायचं धाडस व्हत न्हाई. आकारामच्या बायकोनं विचारलं तर काय सांगायचं, हाच पोरीला घोर.

परवा ती आली. सुलाबाई. उंबऱ्यातच थांबली.

"एकच सांगा. लस हाय असं कुणी लिवलं?"

राहीबाई पुढं झाली. शिवांजलीनं तिचा दंड धरून मागं ओढलं.

"आईनं संपली असंच लिवलं होतं, मावशी. हाय असं मी दाखवलं."

सुलाबाई उंबऱ्यावरच टेकली.

"गाडीत ते सारखं विचारत होते," ती म्हणाली, "लस हाय न्हवं? आन् मी आपली हाय, हाय म्हणत गेले."