शाळेच्या पायरीवर विसावा

आमच्या गावात देऊळ, मास्तरांची खोली आणि शाळा एकाच अंगणात होती. पूर्वी मुलं देवळाच्या सभामंडपातच बसत. पुढे गावाने शेजारी दगडी जोत्यावर कौलारू शाळा बांधली आणि दोन्हींच्या मधे मास्तरांसाठी एक खोली. त्या खोलीत मी वाढलो. वडील वर्गात पाढे म्हणून घेत ते आईला चुलीपुढे ऐकू येई, आणि देवळात घंटा वाजली की वर्गातला एखादा तरी मुलगा पाढा सोडून हात जोडी.

मग हायवेवरच्या वडपे गावाकडून गोदामं सरकत आमच्या शिवारात आली. शेतं विकून माणसं भिवंडीत राहायला गेली, पट घटला, शाळा बंद पडली. जागा देवळाची. पंचांनी इमारत एका व्यापाऱ्याला कापडाचे तागे ठेवायला भाड्याने दिली, फाटक बसलं, आणि ट्रक वळावा म्हणून खोली पाडली. देवळाला मात्र अधूनमधून नवा ऑइलपेंट मिळतो. वडील तोवर निवृत्त होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या दोन खोल्यांत राहत होते.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. तिरडी बांधून झाल्यावर आई एवढंच म्हणाली, "विसावा शाळेच्या पायरीवर द्या."

स्मशानाच्या वाटेवर तिरडी एकदा खाली टेकवतात आणि खांदे बदलतात. आमच्याकडे ते ओढ्याजवळच्या दगडावर होतं. पण कोणी हरकत घेतली नाही. खांदेकरी बहुतेक त्यांचेच विद्यार्थी होते.

मी मडकं धरून पुढे चालत होतो. मडकं धरणाऱ्याने मागे पाहायचं नसतं, म्हणून मागचं सगळं मी नुसतं ऐकलं.

"हळू रं. मास्तर हायत, गोणी न्हाय."

"मास्तरांना उशीर चालत न्हवता. उचला पाय."

फाटकाशी पोचलो तर शाळेच्या पायरीला पाठ लावून ट्रक उभा. मधे हात शिरेल एवढीही जागा नव्हती. रखवालदार हात जोडून पुढे आला. "ड्रायव्हर जेवायला गेलाय, भाऊ. चावी उसके पास है."

"मग ठेवा इथंच रस्त्यावर," मागून एक म्हातारा आवाज आला.

"रस्त्यावर? मास्तरांना?" हा आवाज मी ओळखला. वडिलांची छडी सगळ्यात जास्त यानेच खाल्ली होती. "खांद्यावरच राहू दे. उभ्या उभ्या बदलू."

तसंच केलं. पावलं घासल्याचे आवाज आले, कोणी दम टाकला, कोणी "धरलं, सोड" म्हणालं. तिरडी जमिनीला लागली नाही. वडिलांना याहून मोठा मान काय मिळणार, असं मला वाटलं.

घरी आल्यावर मी आईला तेच सांगितलं, थोडं अभिमानानेच.

"म्हणजे खाली ठेवलंच नाही?"

"नाही. पोरांनी रस्त्याला लागूच दिलं नाही."

"अरे, त्यांना तिथं बसायचं होतं," ती म्हणाली. "फाटक लागल्यापासून रोज संध्याकाळी तिथवर जायचे. उभ्यानेच परत यायचे."

मी भिवंडीत धामणकर नाक्याला राहतो, सुट्टीला येतो. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आई भिंतीकडे तोंड करून रडू लागली.