परस्थान ठेवल्यावरचा विमा

दाजींच्या प्रवासाचा विमा कधी घ्यायचा हे ठरवण्याचं काम माझ्याकडं होतं. मी ते आज-उद्या करत ढकललं आणि विमा राहून गेला. एवढंच असतं तर आळस म्हणून मी स्वतःची समजूत घातली असती. पण विमा का राहिला असं चारचौघांत विचारलं गेलं, तेव्हा मी माझ्या बहिणीचं नाव पुढं केलं. हे मी जाणूनबुजून केलं.

आम्ही बेळगावला लागूनच्या शहापूरचे विणकर. शाळा शिकून कचेरीत लागलेला घरातला मी पहिलाच. आक्का माझ्याहून मोठी, आमच्याच गल्लीच्या टोकाला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे दाजी, खड्डामागावर साड्या विणायचे. सकाळी पाय खड्ड्यात सोडले की जेवायलाच वर यायचे. बेळगावच्या पलीकडं त्यांनी खानापूर तेवढं पाहिलं होतं, तेही एका लग्नाच्या निमित्तानं. त्यांना समुद्र दाखवावा असं माझ्या मनात आलं. बेळगावहून वेंगुर्ल्याकडं त्या वेळी प्रवाशांची सर्व्हिस मोटार जायची.

"समुद्र बघून काय करू रं? साडी धुवायची हाय व्हय त्यात?" दाजी म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी, मेव्हणा मला समुद्रावर नेतोय, असं ते गल्लीभर सांगत होते.

खडेबाजाराजवळ माझ्या ओळखीचे एक विमा एजंट राहायचे. नुसत्या प्रवासापुरताही अपघाताचा विमा मिळतो, माणूस गेला तर मिळतोच पण हात किंवा पाय कायमचा अधू झाला तरी मिळतो, हे त्यांनीच मला सांगितलं. मी विचारलं, कधी घ्यायचा?

"मोटारीत पाय ठेवायच्या आधी कधीही," ते म्हणाले. "पण आजच घ्या. माणूस मागाहून विसरतो."

एजंट असंच बोलणार, असं मला वाटलं. घरी बसून असलेल्या माणसाचा विमा कशाला? निघायच्या आदल्या दिवशी घ्यायचा असं मी ठरवलं, आणि त्यात मला स्वतःचा मोठा शहाणपणा दिसला.

आक्काला मात्र घाई होती. "विणकराचा हात म्हंजी सगळा संसारच की रं. घिऊन टाक आजच."

"माझा जीव कितीला जातोय ते बघायची लई घाई झालीया हिला," दाजी मागावरूनच म्हणाले.

"कितीला बी जाऊ दे. गिऱ्हाईक कोण हाय?" आक्का म्हणाली, आणि मागाचा धोटा हातात धरूनच दाजी हसले.

अमावास्येला आमच्याकडं माग बंद. म्हणून सुट्टी मिळणार ती अमावास्येलाच, आणि अमावास्येला घर सोडायचं नाही. यावर आमच्यात उपाय असतो. आधीचा एक चांगला दिवस बघून जाणाऱ्याचं धोतर, थोडे तांदूळ, सुपारी आणि हळकुंड एका रुमालात बांधून शेजारच्या घरी ठेवायचं. याला परस्थान ठेवणं म्हणतात. माणूस त्या दिवशीच निघाला असं धरायचं, मग खरा तो कधीही निघो. आक्कानं तसं परस्थान ठेवलं. मी तिची थट्टा केली. कचेरीत लागल्यापासून या गोष्टींची थट्टा करणं मला माझा हक्कच वाटत होता.

निघायच्या आदल्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी खडेबाजारात गेलो तो विमा घ्यायलाच. आधी वाळूत चालायला म्हणून स्वतःसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट बघितले. एक जोड घट्ट, एक सैल, असं करता करता दिवे लागले. एजंटांचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडं होतं. मला कंटाळा आला. मी बूट घेऊन घरी निघालो.

आक्का तिच्या दारातच उभी होती. "घेतलास न्हवं?"

कंटाळा आला असं म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "परस्थान ठेवलंयस ना? मग दाजी निघालेत. निघाल्या माणसामागं मरणाचा कागद करत न्हाईत."

"असं कुठं असतंय?" आक्का म्हणाली. खरंच असं कुठंही नसतं. ते मी त्या दारात उभ्या उभ्या रचलं होतं. पण मी शिकलेला, शकुन न मानणारा, आणि मीच असं म्हणतोय म्हटल्यावर ती घाबरली. ती आत जाऊन दाजींची पिशवी भरू लागली.

दुसऱ्या दिवशी आंबोलीच्या घाटात एका वळणावर मोटार कलंडली. दरी पलीकडच्या बाजूला होती म्हणून आम्ही सगळे वाचलो. मला खरचटलंही नाही. दाजींचा उजवा हात मोटारीच्या कडेखाली सापडला. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी हाड बसवलं, पण कोपर पुन्हा वाकलं नाही आणि बोटांत धोटा फेकण्याइतका जोर आला नाही. समुद्र तिथून पुढं होता. तो दाजींनी कधीच पाहिला नाही.

एजंट चौकशीला आले. दाजींची आई, भाऊ, शेजारी, सगळे बसलेले. आक्का दाजींना पेज भरवत होती. एजंटांनी मला सहज विचारलं, "विमा घेणार म्हणाला होतात ना तुम्ही?"

मी म्हणालो, "आक्कानं परस्थान ठेवलंतं. ते ठेवल्यावर तसला कागद नको, म्हणाली."

आक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुढचा चमचा दाजींच्या तोंडाशी नेला. ती का बोलली नाही हे मला तेव्हाही कळत होतं. आई-वडील गेलेले, तिचं माहेर म्हणजे मी एकटा. सासरच्यांपुढं ते माहेरच खोटं पडलं तर तिच्या पाठीशी कोण उरणार होतं?

माग दाजींच्या चुलतभावाकडं गेला. आक्का दुसऱ्यांच्या घरी सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. मी दर महिन्याला धान्य पोचवायचो आणि दाजींची आई गल्लीत म्हणायची, "भाऊ असावा तर असा." आक्काची आधीची घाई दाजींनी ऐकली होती, पण परस्थान ठेवल्यावर तिचं मन फिरलं असं त्यांनी धरलं; ते आधी गप्प झाले, मग कडवट झाले. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते तिला म्हणायचे, "शकुन बघितला असशील." पूर्वी तिच्या बोलण्यावर हसणारा तो माणूस. मी समोर बसून चहा प्यायचो.

अशी पुष्कळ वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात आक्काच्या मुलीला, माझ्या भाचीला, निपाणीचं स्थळ आलं. मुलगा तंबाखूच्या वखारीत कामाला. मध्यस्थ आलेले, दाजींचे भाऊ बसलेले, मीही होतो. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "एक इचारू का?"

"तू बोलू नगं," दाजी म्हणाले. "तुझं ऐकून हात गेला. आता पोरगी घालवायची न्हाय मला."

आक्का मागं वळली. तिला त्याची सवय झाली होती, आणि ती सवयच मला बघवेना. माझी आई असती तर तिनं मला तिथंच कानाखाली दिली असती. मी उठून उभा राहिलो.

"दाजी, तिचं ऐकून हात गेला न्हाय. इमा आजच घे म्हणून ती माझ्या मागं लागलीती. मी बूट घेत बसलो, मग कंटाळा केला. परस्थान ठेवल्यावर कागद नको, हे मी म्हणालो. ती न्हाय."

मध्यस्थांनी खाली बघितलं. दाजींनी आक्काला विचारलं, "खरं गं?"

"ऱ्हाऊ दे की आता," आक्का म्हणाली. "पावणं बसल्यात."

दाजींनी डाव्या हातानं उजवं कोपर धरलं. पाहुण्यांसमोर त्यांचा चेहरा इतका उघडा पडलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि तोही माझ्यामुळंच.

मी दारापाशी गेलो आणि आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. ती मला उठवत होती, मी उठलो नाही.

"आक्का, माझा आळस मी तुझ्या नावावर घातला, आणि इतकी वर्षं तू बोलणी खात असताना ऐकत बसलो. मला माफ कर म्हणायचं तोंड न्हाय, तरी म्हणतो. माफ कर. आता तुला पोरीसाठी काय इचारायचं होतं ते इचार. आम्ही ऐकतो."