रेवणसिद्धच्या ट्रकचा फाळका

रेवणसिद्धला एका जागी बसणं जमत नसे. अक्कलकोटकडच्या खेड्यातून तो सोलापुरात आला तेव्हा मामानं त्याला कापडाच्या मागावर लावलं होतं. दिवसभर तिथंच उभं राहायचं म्हटलं की त्याचे पाय वळवळायचे. शेवटी माग सोडून तो ट्रकवर गेला. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि पुढं भंगारात निघालेला एक ट्रकच त्यानं घरी आणला. गाडीही धन्यासारखीच, उभी असली तरी थरथरणारी.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती मोडनिंबकडच्या दुष्काळी कामावर मुरूम टाकत होती. गाडीचं बाकी सगळं चालायचं, हौद्याच्या मागच्या झडपेचे, फाळक्याचे, आकडे तेवढे झिजले होते. आतून मुरूम रेटायचा आणि आकडे गच्च अडकायचे. मग कुणीतरी फाळक्यासमोर उभं राहून त्यांवर दगड घालायचा आणि फाळका कोसळायच्या आत बाजूला उडी मारायची. रेवणसिद्ध रोज म्हणायचा, उद्या गाडी शेडमध्ये घालू.

एका दुपारी मायाक्काची उडी चुकली. सांगोल्याकडची ही धनगराची बाई. नवरा मेंढरं घेऊन घाटाकडं गेलेला आणि ती एकटी कामावर राहिलेली. फाळक्याची कड तिच्या उजव्या हातावर बसली. रेवणसिद्धनं तिला केबिनमध्ये घालून सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. वाटेत ती रडली नाही. पदरात गुंडाळलेला हात मांडीवर धरून एवढंच म्हणाली, "माजी पाटी तितंच ऱ्हायली की."

दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी रेवणसिद्ध जेवायला बसला आणि पहिल्याच घासाला उठला. दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. बायको दाक्षायणी वैतागून म्हणाली, "सुम् कूडरी!" गप बसा. पण तो चप्पल घालून निघालाच. गाडी थेट होटगी रोडवर मौलासाब वेल्डरच्या शेडमध्ये नेऊन लावली.

मौलासाबनं फाळका हलवून पाहिला. "नवे आकडे लगा देता हूँ. काम खतम."

"नुसते आकडे नकोत. मागं माणूसच उभं राहायला नको. बाजूनं उघडला पाहिजे."

रेवणसिद्धनं खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. हौद्याखालून आडवी सळई, तिच्यानं दोन्ही आकडे एकदम सुटायचे, आणि ओढायचा दांडा चाकाजवळ. मौलासाबनं जोडून दिलं. पहिल्याच खेपेला एक आकडा आधी सुटला, दुसरा राहिला. फाळका तिरका लोंबला आणि बिजागरी पिळली गेली. परत शेड. सळई बदलली, आकडे एकसारखे घासले. आता दोन्ही बरोबर सुटू लागले. पण बार्शी रोडला एका खड्ड्यात दांडा आपोआप हलला आणि अर्धा मुरूम रस्त्यावर सांडला. मागं कुणी नव्हतं. तरीही रेवणसिद्धनं गाडी कडेला घेतली. मागं एखादी सायकल असती तर?

त्यानंतर तो दर थोड्या अंतरावर गाडी थांबवायचा, उतरून मागं जायचा, आकडे चाचपायचा. खेपा कमी पडू लागल्या. मुकादम शिव्या देऊ लागला. मौलासाब म्हणाला, "तेरे दिमाग कू ब्रेक नै क्या रे?"

अखेर मोडीत काढलेल्या मागाची एक जाड स्प्रिंग मिळाली. ती दांडा मागं ओढून धरू लागली. वर अडकवायला लोखंडी खिटी केली आणि फाळका धाडकन पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना साखळ्या लावल्या.

मायाक्का कामावर परतली त्या दिवशी रेवणसिद्ध तिच्याकडं गेला. "मायाक्का, जरा गाडीकडं या."

"म्या न्हाय येत त्या गाडीमागं."

"मागं न्हाय. हितं, चाकापाशी."

ती आली. रेवणसिद्धनं तिला खिटी आणि दांडा दाखवला. तिनं खिटी काढली आणि डाव्या हातानं दांडा ओढला. दोन्ही आकडे सुटले, फाळका साखळ्यांवर अलगद आडवा झाला आणि मुरूम घसरत खाली आला. भोवतीच्या बायका हसल्या. मायाक्का हसली नाही.

"ह्ये आदी का न्हाय केलंस?"

रेवणसिद्धनं फाळका उचलून पुन्हा आकडे लावले.

त्या दिवसापासून दांडा तिनं दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. गाडी लागली की आधी मागं फेरी मारायची, "सरका, सरका" म्हणून ओरडायची, मागची जागा मोकळी झाल्यावरच खिटी काढायची. कामावरचे दुसरे ड्रायव्हर बघायला आले आणि आपापल्या गाड्या मौलासाबकडं घेऊन गेले. रेवणसिद्ध त्यांच्याबरोबर शेडमध्ये जायचा, प्रत्येक साखळी स्वतः ओढून बघायचा, आणि मौलासाबनं चहा मागवला तरी तो उभ्यानंच प्यायचा.